प्रश्न वाचकांचे: कर्नल बदलला आणि नेटवर्क गेले

लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, अपडेट केला आणि यंत्र नेटवर्कवरून नाहीसे झाले, अशा आशयाची पत्रे या वेळी इतकी आली की सबंध सदर याच विषयाला दिले आहे. कमांड, फाइलींची नावे आणि त्रुटींचे संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टंकताना ते नेहमीच्या रोमन रूपातच टंकावेत.

तक्रार कुठलीही असो, आधी तीन गोष्टी पाहून घ्या. ‘यूनेम -आर’ने नेमका कोणता कर्नल चालू आहे ते कळते. ‘आयपी -बीआर लिंक’च्या यादीत कार्ड दिसते का ते पाहा. आणि ‘जर्नलकंट्रोल -बी’मध्ये नेटवर्क सांभाळणारी सेवा काय म्हणते ते वाचा. यादीत कार्डच नसेल तर दोष ड्रायव्हरचा. कार्ड आहे पण ‘डाउन’ आहे किंवा त्याला पत्ता नाही, तर कॉन्फिगरेशन करणारा प्रोग्रॅम आणि कर्नल यांचे कुठेतरी बिनसले आहे. पत्ता आहे पण पॅकेट जात-येत नाहीत, तर फायरवॉल, राउटिंग किंवा सिसकंट्रोलच्या (चालू कर्नलच्या) सेटिंग्जकडे वळा. ही विभागणी न करता कॉन्फिगरेशनची फाइल बदलत बसलात, तर मूळ दोष तसाच राहतो आणि वर नव्या चुकांची भर पडते.

प्रश्न: एका जुन्या उपकरणाच्या इमेजमध्ये सिस्टिमडीची (यंत्रावरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) २४२ ही आवृत्ती आहे. कर्नल ४.१९ वरून ५.४ वर नेल्यापासून तिची नेटवर्क लावणारी सेवा सिस्टिमडी-नेटवर्कडी ‘कुड नॉट ब्रिंग अप इंटरफेस: इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’ असे सांगून थांबते. हाताने ‘आयपी लिंक सेट ईएनपी२एस० अप’ दिले की सगळे सुरळीत चालते. कॉन्फिगरेशनला तर आम्ही हातही लावलेला नाही. चूक कुठे आहे?

उत्तर: फाइलीत नाही. नेटवर्कडी कर्नलला जो निरोप पाठवते, त्यात आहे.

इंटरफेस चालू करणे, पत्ता देणे, रूट घालणे ही कामे आजचे प्रोग्रॅम नेटलिंक नावाच्या सॉकेटमधून करतात. त्यातल्या प्रत्येक संदेशात गुणधर्मांचे कप्पे असतात आणि एका कप्प्यात दुसरा असू शकतो. नेटवर्कडी २४२ इंटरफेस चालू करताना ‘अप’ या ध्वजाबरोबर आयपीव्ही६ साठीचा एक कप्पाही पाठवते, आणि बहुतेक वेळा तो रिकामाच असतो. जुने कर्नल या रिकाम्या कप्प्याकडे काणाडोळा करत. जुलै २०१९ मध्ये आलेल्या ५.२ पासून कर्नल तो तपासू लागला: आयपीव्ही६ चा कप्पा पाठवलाच असेल, तर त्यात टोकन (पत्त्याचा आधीच ठरवलेला शेवटचा भाग) किंवा पत्ता बनवण्याची पद्धत, यांपैकी एक तरी हवेच. दोन्ही नसतील तर ‘इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’. ही तपासणी संदेशातला कोणताही बदल लागू होण्याआधी होते, म्हणून पूर्ण संदेशच नाकारला जातो. त्यामुळे त्याच संदेशातला ‘अप’ही वाया जातो. ‘आयपी’ ही कमांड असा कप्पा पाठवतच नाही, म्हणून हाताने दिलेली आज्ञा चालते.

खरा उपाय म्हणजे सिस्टिमडी २४३ किंवा त्यापुढची आवृत्ती. तिच्यात इंटरफेस चालू करतानाच पत्ता बनवण्याची पद्धत त्या कप्प्यात भरली जाते. लिनक्सच्या काही वितरणांनी (डिस्ट्रिब्यूशन) हीच दुरुस्ती २४२ च्या आपल्या पॅकेजमध्ये ओढून घेतली होती, तेव्हा तुमच्या पॅकेजच्या बदलनोंदीही पाहा.

सिस्टिमडी बदलणे शक्य नसेल तर एक छोटी वनशॉट सेवा लिहा. ती कार्डाच्या डिव्हाइस युनिटनंतर आणि सिस्टिमडी-नेटवर्कडीच्या आधी चालू द्या, आणि तिच्यात फक्त ‘आयपी लिंक सेट … अप’ ठेवा. इंटरफेस आधीच चालू दिसला की नेटवर्कडी तो पुन्हा चालू करायला जात नाही. हे यूडेव्हच्या, म्हणजे सापडलेल्या उपकरणांना नावे देणाऱ्या सेवेच्या, नियमात कोंबू नका. यूडेव्हला त्याच सुमारास कार्डाचे नाव बदलायचे असते, आणि ५.४ सारखा कर्नल चालू इंटरफेसचे नाव बदलू देत नाही. बाँडमध्ये (अनेक कार्डांच्या एकत्र जोडणीत) घ्यायच्या कार्डांनाही हा उपाय चालणार नाही, कारण चालू असलेले कार्ड बाँड स्वीकारत नाही.

पुढे कधी असेच दुसरे काही घडले तर अंदाज बांधत बसू नका, संभाषणच पकडा. ‘आयपी लिंक ॲड एनएलमॉन० टाइप एनएलमॉन’ने एक आभासी इंटरफेस बनवा, तो चालू करा आणि टीसीपीडंपने त्यावरची नोंद फाइलीत घ्या. वायरशार्क ती फाइल उघडून प्रत्येक नेटलिंक संदेश कप्प्यांसकट उलगडून दाखवते. चालणाऱ्या कमांडचा संदेश आणि न चालणाऱ्या सेवेचा संदेश शेजारी शेजारी ठेवले की फरक बहुधा लगेच सापडतो. कर्नल ४.१२ पासून नकाराबरोबर कारणाचे वाक्यही पाठवण्याची सोय आहे. पण ते वाक्य छापायचे की नाही हे समोरच्या प्रोग्रॅमवर अवलंबून असते, आणि जुने प्रोग्रॅम ते गिळून टाकतात.

प्रश्न: सर्व्हरच्या दोन पोर्टच्या कार्डाचे नाव ईएनपी१एस०एफ० होते. नव्या कर्नलनंतर ते ईएनपी१एस०एफ०एनपी० झाले आणि पत्ता, फायरवॉल आणि बहुतेक ब्रिज कोलमडले, काही ब्रिज मात्र चालतात. न बदलणारी नावे असे सांगूनच ही पद्धत आणली होती ना?

उत्तर: २०१३ च्या आरंभी सिस्टिमडी १९७ बरोबर आलेल्या या नावांची हमी इतकीच आहे: यंत्र आणि कर्नलने दिलेली माहिती तीच राहिली, तर नावही तेच राहील. कार्ड कोणत्या पीसीआय बसवर, कोणत्या स्लॉटमध्ये, कितव्या फंक्शनवर आहे ही माहिती कर्नल सिसएफएसमध्ये (/सिस या आभासी फोल्डरमध्ये) मांडतो आणि यूडेव्ह त्यावरून नाव रचते. तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर आधी ‘फिज_पोर्ट_नेम’ सांगत नव्हता. नव्या कर्नलमध्ये तो पहिल्या पोर्टसाठी ‘पी०’ असे सांगू लागला. यूडेव्ह ते मिळताच ‘एन’ लावून शेवटी जोडते, म्हणून ‘एनपी०’. ड्रायव्हरमध्ये चांगली सोय आली आणि तिने तुमचे नाव मोडले. हा प्रकार वेगवेगळ्या निर्मात्यांच्या वेगवान कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये घडलेला आहे आणि पुढेही घडेल.

नव्या नावाने सगळ्या फाइली दुरुस्त करणे हा उपाय मला पटत नाही, कारण पुढच्या बदलाला तुम्ही पुन्हा तिथेच उभे असाल. नाव स्वतःच ठरवा. /ईटीसी/सिस्टिमडी/नेटवर्क या फोल्डरमध्ये ‘१०-लॅन.लिंक’ अशी फाइल करा. तिच्या ‘मॅच’ विभागात ‘पर्मनंटमॅकॲड्रेस=’ लिहून कार्डाचा कायमचा मॅक पत्ता द्या (तो ‘ईथटूल -पी’ने, म्हणजे मोठ्या लिपीतल्या पी-ने मिळतो), आणि ‘लिंक’ विभागात ‘नेम=लॅन०’ लिहा. नुसते ‘मॅकॲड्रेस=’ लिहिले तर त्या कार्डावर उभारलेली व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगळी आभासी नेटवर्क) आणि ब्रिजही तोच मॅक घेऊन येतात आणि त्यांनाही तीच फाइल लागू पाहते. कायमचा पत्ता मात्र फक्त खऱ्या कार्डाला असतो. नाव ठरवताना ईटीएच० किंवा ईटीएच१ वापरू नका. ती नावे कर्नल स्वतः वाटतो, आणि दोन कार्डे एकमेकांच्या नावावर हक्क सांगू लागली की बूटच्या वेळी कोण जिंकेल याचा नेम नसतो.

फाइल लिहून झाली की ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ किंवा ‘ड्रॅकट -एफ’ चालवा. ही पायरी हमखास विसरली जाते. कार्डाला नाव बहुतेकदा इनिटरॅमएफएसमध्येच (बूटच्या आरंभी वापरल्या जाणाऱ्या छोट्या फाइलसंचात) मिळते, आणि तिथे जुनीच प्रत असेल तर तुमची नवी फाइल वाचली जाण्याआधीच बारसे उरकलेले असते. मग जुने नाव कुठे कुठे लिहिले आहे ते ‘ग्रेप -आर’ने /ईटीसीमध्ये शोधा. नेटवर्कच्या फाइलीबरोबरच फायरवॉलचे नियम, डीएचसीपी सर्व्हर आणि ‘नेट.आयपीव्ही४.कॉन्फ.’ने सुरू होणाऱ्या सिसकंट्रोलच्या ओळी यांतही ते असते.

आणखी एक खोच. इंटरफेसच्या नावाला कर्नल १५ अक्षरांची मर्यादा घालतो. ईएनपी१एस०एफ०एनपी० हे रोमनमध्ये ११ अक्षरे भरते. त्यावर टिंब आणि १०० हा व्हीलॅन क्रमांक लावला तर बरोबर १५ होतात, पण १२३४ लावला तर १६. म्हणजे काही व्हीलॅन उभ्या राहतात आणि चार अंकी क्रमांकाच्या राहत नाहीत. तुमच्या पत्रात ‘काही ब्रिज मात्र चालतात’ असे जे म्हटले आहे, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

घाईच्या वेळी बूट लोडरमधून कर्नलला ‘नेट.आयएफनेम्स=०’ देऊन ईटीएच० पद्धतीची नावे परत आणता येतात. एकच कार्ड असलेल्या यंत्राला ते पुरते. दोन किंवा अधिक कार्डे असतील तर ही सोय कायम ठेवू नका.

प्रश्न: सर्व्हर तयार करणारी आमची स्क्रिप्ट ‘सिसकंट्रोल -पी’वर थांबते. टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल सापडत नाही म्हणते.

उत्तर: ती ओळ काढून टाका. हे सेटिंग कर्नल ४.१२ मध्ये, म्हणजे २०१७ साली, काढून टाकले आहे. एका पत्त्याकडून येणारे टीसीपीचे टाइमस्टॅम्प वाढतच जातील असे ते गृहीत धरत असे. एकाच नॅटमागे (एकच बाहेरचा पत्ता वाटून घेणारी) अनेक यंत्रे असली की हे गृहीतक खोटे ठरते आणि काही जणांची जोडणी कारण न कळता नाकारली जाते. ४.१० पासून तर प्रत्येक जोडणीचा टाइमस्टॅम्प वेगळ्या आकड्यापासून सुरू होऊ लागला, त्यामुळे नॅट नसतानाही त्याला अर्थ उरला नाही. सर्व्हर जलद करण्याच्या जुन्या याद्यांमधून ही ओळ अजूनही नकलली जाते, म्हणून ठासून सांगतो: कर्नल जुना असला तरी ती नको.

बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी पोर्ट कमी पडत असतील तर टीसीपी_टीडब्ल्यू_रीयूज १ करा आणि आयपी_लोकल_पोर्ट_रेंज वाढवा. ४.१९ पासून रीयूजचे मूळ मूल्य २ आहे, म्हणजे ते फक्त यंत्राच्या आतल्या लूपबॅक जोडण्यांपुरते लागू होते. वेगवेगळ्या कर्नलच्या यंत्रांवर एकच फाइल न्यायची असेल, तर शंका असलेल्या ओळीच्या आरंभी उणे चिन्ह द्या. ते सेटिंग नसले तरी सिस्टिमडी-सिसकंट्रोल थांबत नाही.

प्रश्न: कर्नल अपडेट झाल्यावर लगेच व्हीपीएन बंद पडले. /डेव्ह/नेट/टन उघडत नाही. यंत्र अजून रीबूट केलेले नाही.

उत्तर: रीबूट करा, बहुधा तेवढेच लागेल. काही वितरणांत नवा कर्नल बसताच जुन्याचे मोड्यूल (लागतील तेव्हा चढवायचे कर्नलचे भाग) डिस्कवरून पुसले जातात. स्मृतीत चालू असतो जुना कर्नल आणि डिस्कवर असतात नव्याचे मोड्यूल. आधीच चढलेले मोड्यूल काम करत राहतात, म्हणून कार्ड चालू दिसते. पण टन, वायरगार्ड किंवा आजवर न लागलेला फायरवॉलचा एखादा मोड्यूल मागितला की ‘मोडप्रोब’ हात वर करते. ‘यूनेम -आर’ने मिळालेल्या नावाचा फोल्डर /लिब/मोड्यूल्समध्ये नसेल तर निदान पक्के.

प्रश्न: कर्नल ५.६ च्या पुढे गेल्यापासून वायरगार्ड या व्हीपीएनचे डीकेएमएस (प्रत्येक कर्नलसाठी मोड्यूल नव्याने बांधणारे) पॅकेज बांधलेच जात नाही.

उत्तर: बांधले जायलाही नको. मार्च २०२० मधल्या ५.६ पासून वायरगार्ड कर्नलमध्येच आहे. बाहेरचा मोड्यूल ३.१० ते ५.५ याच आवृत्त्यांसाठी होता. डीकेएमएसचे पॅकेज काढा, पण वायरगार्ड-टूल्स राहू द्या, कारण ‘डब्ल्यूजी’ आणि ‘डब्ल्यूजी-क्विक’ त्यातच येतात. कॉन्फिगरेशनच्या फाइली जशाच्या तशा चालतील.

प्रश्न: यूएसबी वायफायचा ड्रायव्हर निर्मात्याच्या कोडवरून डीकेएमएसने बांधला होता. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर वायफाय जाते. यातून सुटका आहे का?

उत्तर: कर्नलच्या बाहेर ठेवलेला ड्रायव्हर असेपर्यंत नाही. कर्नल लिहिणाऱ्यांचा ‘चालता प्रोग्रॅम मोडायचा नाही’ हा नियम सामान्य प्रोग्रॅमसाठी आहे. कर्नलच्या आतल्या भागांची एकमेकांतली फंक्शने ते मुक्तपणे बदलतात. आतले ड्रायव्हर त्यांच्याच हातून त्याच वेळी दुरुस्त होतात. बाहेरचा मागे राहतो.

दुरुस्तीला बसाल तेव्हा या क्रमाने पाहा. ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये नव्या कर्नलसमोर ‘इन्स्टॉल्ड’ आहे का? नसेल तर त्या कर्नलचे हेडर बसवले आहेत का? हेडर असूनही बांधणी फसत असेल तर /व्हार/लिब/डीकेएमएसमधली ‘मेक.लॉग’ उघडा आणि पहिली चूक वाचा. शेवटची बहुधा तिच्यातूनच उद्भवलेली असते. बांधणी झाली पण मोड्यूल चढताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आले, तर सिक्युअर बूट चालू आहे आणि तुमच्या मोड्यूलवरची सही यंत्राला ओळखीची नाही. ‘मोकयूटिल --इम्पोर्ट’ने सहीची सार्वजनिक किल्ली नोंदवा आणि पुढच्या बूटच्या वेळी येणाऱ्या निळ्या पडद्यावर तिला मान्यता द्या. तो पडदा न पाहता पुढे गेलात तर नोंदणी पुन्हा करावी लागते.

त्याआधी एक गोष्ट जरूर तपासा. अनेक रिअलटेक चिपसाठी आता कर्नलच्या आतच आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर आहे. तुमची चिप त्यात आली असेल तर बाहेरचा ड्रायव्हर काढून टाकणे हीच सुटका.

प्रश्न: नव्या वायफाय ७ कार्डावर आयडब्ल्यूकॉन्फिग काहीच दाखवत नाही. नेटवर्क मात्र चालते आहे.

उत्तर: आयडब्ल्यूकॉन्फिग ज्या जुन्या वायरलेस एक्स्टेन्शन्समधून बोलते, त्यांत एकाच वेळी अनेक दुव्यांवर चालणाऱ्या जोडणीची कल्पनाच मांडता येत नाही. म्हणून वायफाय ७ च्या कार्डांसाठी कर्नलने तो मार्गच बंद ठेवला आहे. जुन्या कार्डांवर तो अजून चालतो, पण कर्नलच्या नोंदीत तुमच्या प्रोग्रॅमचे नाव घेऊन ‘एनएल८०२११ वापरा’ अशी सूचना येते. ‘आयडब्ल्यू डेव्ह’, ‘आयडब्ल्यू डेव्ह <नाव> लिंक’ आणि ‘आयडब्ल्यू डेव्ह <नाव> स्कॅन’ या तिन्हींत जवळजवळ सगळे भागते. डब्ल्यूपीए_सप्लिकंटला कुणी ‘-डी वेक्स्ट’ देऊन ठेवले असेल तर तेही एनएल८०२११ करा.

प्रश्न: वायफाय जोडण्यासाठी आयडब्ल्यूडी ही सेवा वापरतो. कर्नल ६.७ वर प्रमाणपत्राने चालणारे एंटरप्राइझ वायफाय जोडले जात नाही, घरगुती पासवर्डचे जोडले जाते. कार्ड तेच, आयडब्ल्यूडीही तेच.

उत्तर: कार्ड निर्दोष आहे. आयडब्ल्यूडी सांकेतिकीकरणाचे बरेचसे काम स्वतः न करता कर्नलकडून करून घेते. प्रमाणपत्राच्या किल्ल्यांचे व्यवहार कर्नलच्या कीरिंगमधून होतात. ६.७ मध्ये पीकेसीएस७ च्या भागातून एसएचए-१ सह्यांचा आधार काढला गेला. बदल करणाऱ्यांच्या दृष्टीने तो जुनाट भाग होता, पण आयडब्ल्यूडी त्यावरच उभे होते. तक्रार आल्यावर ६.९ मध्ये हा बदल मागे घेण्यात आला. एसएचए-१ कमकुवत आहे याबद्दल कुणाचेच दुमत नव्हते. तरीही चालते काम बंद पडले म्हणून बदल मागे गेला. अडचण नीट मांडून कळवली तर उपयोग होतो, याचा हा चांगला दाखला आहे.

तुम्ही ६.९ किंवा पुढच्या कर्नलवर जा. तोवर वायफाय जोडणारा दुसरा प्रोग्रॅम, डब्ल्यूपीए_सप्लिकंट, वापरा. ते ओपनएसएसएल सारख्या लायब्ररीवर चालते, त्यामुळे त्याला या बदलाची झळ लागत नाही. नेटवर्कमॅनेजर असेल तर त्याच्या कॉन्फिगरेशनच्या ‘डिव्हाइस’ विभागातील ‘वायफाय.बॅकएंड=आयडब्ल्यूडी’ ही ओळ काढून सेवा पुन्हा सुरू करा.

प्रश्न: बँडविड्थ वाटणारी जुनी स्क्रिप्ट ‘स्पेसिफाइड क्यूडिस्क काइंड इज अननोन’ म्हणून थांबते. तिच्यात सीबीक्यू आहे.

उत्तर: सीबीक्यू, म्हणजे पॅकेटच्या रांगा लावून बँडविड्थ वाटण्याची एक जुनी पद्धत, कर्नलमधून गेले. २०२३ मधल्या ६.३ मध्ये सीबीक्यू, डीएसमार्क आणि एटीएम या रांगा आणि टीसीइंडेक्स व आरएसव्हीपी हे वर्गीकरणाचे फिल्टर काढले गेले. पुढे हा बदल जुन्या दीर्घकालीन मालिकांतही उतरवला गेला. म्हणून आवृत्तीच्या आकड्यावर जाऊ नका. ‘मोडइन्फो एससीएच_सीबीक्यू’ विचारून खात्री करा.

एचटीबी या दुसऱ्या पद्धतीवर जाणे अवघड नाही, मात्र ओळीगणिक नुसता शब्द बदलून भागत नाही. ‘बँडविड्थ’, ‘एव्हीपीकेटी’, ‘सेल’, ‘अलॉट’, ‘वेट’ आणि ‘मॅक्सबर्स्ट’ हे सगळे टाकून द्या. सीबीक्यू दुवा रिकामा किती वेळ आहे याचा अंदाज पॅकेटच्या सरासरी आकारावरून बांधत असे, त्यासाठी ते लागत. एचटीबी टोकन मोजते. ‘रेट’ तसाच ठेवा. ज्या वर्गावर ‘बाउंडेड’ होते त्याचा ‘सील’ त्याच्या ‘रेट’ इतकाच द्या. ज्यावर नव्हते त्याचा ‘सील’ पालकवर्गाच्या ‘रेट’ इतका द्या, म्हणजे उरलेली बँडविड्थ त्याला उसनी घेता येईल. मुलांच्या ‘रेट’ची बेरीज पालकाच्या ‘रेट’पेक्षा जास्त होऊ देऊ नका. एचटीबी हे स्वतः तपासत नाही. मग सगळ्यांना हमी दिलेला वेग मिळतो आणि पालकाची मर्यादाच ओलांडली जाते.

मुळाशी ‘डिफॉल्ट’ वर्ग जरूर लिहा. तो नसेल तर कोणत्याही फिल्टरमध्ये न बसणारी पॅकेट मर्यादेशिवाय सुसाट जातात आणि स्क्रिप्ट चालते पण गुण येत नाही असे वाटते. टोकाच्या प्रत्येक वर्गाखाली एफक्यू_कोडेल लावा. यू३२ आणि एफडब्ल्यू हे फिल्टर पूर्वीसारखेच चालतील. नोंदीत ‘क्वांटम … इज बिग’ असा इशारा आला तर वेगवान वर्गांना ‘क्वांटम’ स्वतः द्या. तो न दिल्यास ‘रेट’ला १० ने भागून ठरतो आणि मोठ्या वेगाला अवाच्या सवा होतो.

प्रश्न: ‘नेट.ब्रिज.ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स’ कधी सापडते, कधी नाही. बूटच्या वेळी तर कधीच नाही.

उत्तर: कर्नल ३.१८ पासून तो भाग बीआर_नेटफिल्टर या वेगळ्या मोड्यूलमध्ये आहे. मोड्यूल चढेपर्यंत ते सेटिंगच अस्तित्वात नसते, आणि बूटच्या वेळी सिसकंट्रोलची फाइल त्याआधीच वाचून झालेली असते. कंटेनर चालवणारा एखादा प्रोग्रॅम नंतर मोड्यूल चढवतो, म्हणून नंतर ते सापडते. /ईटीसी/मोड्यूल्स-लोड.डीमध्ये एक फाइल करून तिच्यात मोड्यूलचे नाव लिहा. सिस्टिमडी ती यादी सिसकंट्रोलच्या आधी हाताळते. मोड्यूल चढला की मूळ मूल्य १ असते. तुम्हाला ० हवे असेल आणि मोड्यूल उशिरा चढत असेल, तर तुमचे ० लिहिलेच जात नाही आणि ब्रिजवरची पॅकेट फायरवॉलमध्ये अडकू लागतात.

प्रश्न: सर्व्हर दूर आहे, कन्सोल नाही. नवा कर्नल कसा वापरून पाहावा, की नेटवर्क आले नाही तर यंत्र आपोआप जुन्यावर परतेल?

उत्तर: ग्रब या बूट लोडरमध्ये ही सोय आहे, फक्त ती पूर्णपणे लावावी लागते.

आधी सद्यस्थिती फाइलींत उतरवून ठेवा: ‘आयपी -डी लिंक’, ‘आयपी ॲड्रेस’, ‘आयपी रूट शो टेबल ऑल’, ‘आयपी रूल’, ‘एनएफटी लिस्ट रूलसेट’, ‘सिसकंट्रोल -ए’ आणि ‘एलएसमॉड’. नव्या कर्नलवर हेच पुन्हा घेऊन ‘डिफ’ लावलात तर काय हरवले ते शोधावे लागत नाही.

मग /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये ‘ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड’ करा आणि ग्रबची फाइल नव्याने बनवा. ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ने चालणारा जुना कर्नल कायमचा ठरवा आणि ‘ग्रब-रीबूट’ने नवा फक्त पुढच्या एका बूटसाठी निवडा. कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=१०’ घाला; ते नसेल तर कोसळलेला कर्नल तसाच उभा राहतो, १० सेकंदांनी स्वतःहून रीबूट होत नाही.

कर्नल नीट चढला पण नेटवर्क नाही, या शक्यतेसाठी सिस्टिमडीचा एक टायमर लावा. ‘ऑनबूटसेक=१०मिन’नंतर त्याने गेटवेला तीनदा पिंग करावे, उत्तर नसेल तर रीबूट. गेटवेचा पत्ता त्यात आकड्यांत लिहा. रूटच्या यादीतून काढू नका, कारण नेमकी तीच रिकामी असण्याची शक्यता असते. नवा कर्नल पसंत पडला की टायमर बंद करायला विसरू नका, नाहीतर उद्या गेटवे बंद असताना यंत्र दर १० मिनिटांनी रीबूट होत राहील.

आता सगळ्यात महत्त्वाचे. एकदाच वापरायची ती निवड ग्रब ‘ग्रबएन्व्ह’ या फाइलीतून वाचतो आणि बूट करताना पुसतो. पण /बूट जर एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेडवर (अनेक डिस्क सॉफ्टवेअरने एकत्र मांडण्याच्या पद्धतींवर) असेल तर ग्रबला तिथे वाचता येते, लिहिता येत नाही. निवड पुसली जात नाही आणि प्रत्येक रीबूटला यंत्र पुन्हा त्याच बिघडलेल्या कर्नलवर जाते. बूटच्या आरंभीच्या एका सेवेतून ‘ग्रब-एडिटएन्व्ह - अनसेट नेक्स्ट_एंट्री’ चालवले तर नेटवर्क न येण्यापुरता बंदोबस्त होतो, पण त्या सेवेपर्यंत पोहोचण्याआधीच कोसळणाऱ्या कर्नलपुढे तोही चालत नाही. अशा यंत्रावर ‘ग्रब-रीबूट’ न वापरता ‘केएक्झेक’ने (चालू कर्नलमधूनच थेट दुसरा कर्नल सुरू करणाऱ्या सोयीने) नवा कर्नल चढवा. ग्रबमध्ये जुनाच ठरलेला राहतो आणि पुढचे कोणतेही रीबूट त्याच्याकडेच नेते. मात्र केएक्झेकमध्ये फर्मवेअर हार्डवेअरची नव्याने जुळणी करत नाही, त्यामुळे एखादे नेटवर्क कार्ड तिथे रुसते आणि खऱ्या बूटमध्ये नीट चालते. केएक्झेकवर कार्ड आले नाही एवढ्यावरून तो कर्नल बाद ठरवू नका.